केरातला साप

समोरच्या उंबराला पुन्हा फळं धरली आहेत. फांद्यांच्या टोकाला नव्हे, थेट खोडाला, घोसच्या घोस. झाड भिंतीपलीकडच्या अक्काच्या आवारात आहे, पण त्यातलं निम्मं आमच्या अपार्टमेंटच्या भिंतीवरून आत वाकलंय. त्यामुळे पिकलेली उंबरं दोन्हीकडे पडतात आणि दोन्हीकडची माणसं वैतागतात. सकाळपासून तांबट पक्षी टुक टुक टुक टुक करतोय. एक क्षण थांबतो आणि वाटतं, संपलं. मग पुन्हा सुरू. पहिल्या मजल्यावरच्या या खिडकीशी लॅपटॉप उघडून मी बसले आहे आणि मला थकवा आला आहे. रात्रीची झोप नीट झालेली आहे, तरी आला आहे.

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर हा ऋतू आला की लोक गुलाबी फुलांनी भरलेल्या झाडांचे फोटो काढतात. मला मात्र या दिवसांत आधी पाण्याचे टँकर ऐकू येतात, मग गॅलरीतली धूळ दिसते, आणि मग आंबूस, गोडसर असा कुजक्या उंबरांचा वास येतो. तो वास आला की पलीकडच्या खोलीतून आई हाक मारेल असं वाटतं. "अगं, बघ कोण आलंय." आई तिथे नाही. पण कान तयार असतात.

काही वर्षांपूर्वी आई कऱ्हाडच्या घरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मी तिला इकडे घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चालायला हवं. फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज येई, गोड बोले, वॉकर पुढ्यात ठेवी. आई वॉकरकडे बघे आणि भिंतीकडे तोंड करून झोपे. "उद्या," म्हणे. तिचा उद्या काही उजाडत नव्हता. दुखण्यापेक्षा भीती जास्त होती, आणि भीतीपेक्षा ओशाळलेपण. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून तिने सबंध गावाला तिकिटं दिली होती. आता लेकीनं धरून न्हाणीत नेलेलं तिला सहन होत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अशीच पडून राहिली तर पुढे ती उठणारच नाही. ते वाक्य ऐकल्यापासून मला धड जेवण गेलं नव्हतं. दिवसभर कानात हेडफोन आणि एक डोळा तिच्या खोलीवर, असा तो उन्हाळा.

एक दिवस तिचा पलंग मी खिडकीशी सरकवला. मागे काही थोर विचार नव्हता, पंख्याचा वारा तिथे नीट लागायचा एवढंच. पण खिडकी म्हटल्यावर आईतला पोस्टमास्तर जागा झाला. उंबरावर कोण येतं, कोण जातं, कोण घुसतं, याची तिने नोंद घ्यायला सुरुवात केली. तांबट रोजचा गिऱ्हाईक. कोकीळ फक्त कावळ्याचं लक्ष नाही असं बघून येणारी. दुपारी खारी, संध्याकाळी वटवाघळं. वटवाघळं निम्मं खाऊन निम्मं टाकायची, आणि ते टाकलेलं खायला खाली अक्काची गाय, मुंग्या आणि घुशी. आईनं एकदा मला उंबर फोडून दाखवायला लावलं. आत केंबरं वळवळत होती. "बघ," ती म्हणाली, "फळातसुद्धा भाडेकरू आहेत. आणि तुमच्या मजल्यावर शेजारी कोण राहतं ते तुला ठाऊक नाही." खरंच ठाऊक नव्हतं. अजूनही फारसं नाही.

मागे तळं होतं. त्या वर्षी ते रिकामं करून गाळ काढायचं काम चालू होतं. जेसीबी चिखल उपसायचा आणि त्याच्यामागून बगळ्यांची रांग चालायची. गावाकडे नांगरामागून चालतात तशीच. वर घारी घिरट्या घालायच्या. आईला ते फार आवडे. "यांना काय, नांगर असो नाहीतर यंत्र, माती उलटली की झालं," असं म्हणून ती उशी पाठीशी घेऊन थोडी उठून बसे. तेवढं बसणं मी चोरून बघत असे.

मग खिडकीच्या जाळीवरच्या जाईत बुलबुलाच्या जोडीनं घरटं बांधलं. हाताच्या अंतरावर. फिजिओवाली आली तेव्हा आईनं तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि मला म्हणाली, "तिला सांग, यांची पिल्लं उडाली की मी पण बाहेर पडते. तोवर मला हलवू नका, पाखरं बिचकतील." मी ते हिंदीत सांगितलं. मुलगी हसली. मी हसले नाही, कारण आई शब्दाची पक्की आहे हे मला माहीत होतं. डॉक्टरांना नाही, मला नाही, तिने शब्द दिला होता बुलबुलांना. त्या दिवसापासून मी त्या घरट्याची काळजी माझ्या नोकरीपेक्षा जास्त करू लागले.

अक्काशी तिची गाठ पडली तीही त्याच खिडकीतून. आमच्या भिंतीपलीकडे जुन्या गावाचा एक तुकडा उरलाय. दोन-तीन बैठी घरं, एक गोठा, दगडांचा ढीग, उंबर. अक्काचं घराणं मराठी, पण शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. तिची मराठी ऐकून आईला पहिल्यांदा भरून आलं, आणि दुसऱ्याच वाक्याला काही कळेना. "आपल्यातलीच आहे गं," ती मला म्हणाली, "पण निम्मं बोलणं वाटेत कुठेतरी बदललंय." आई तिच्यापेक्षा चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी, तरी सगळे म्हणतात म्हणून तिला अक्का म्हणे. अक्का खालून विचारी, "अम्मा, जेवण झालं? स्वल्प तरी खाल्लं?" आणि आई वरून सांगे, "झालं, झालं. तुमची मांजर बघा, परत इकडंच बघतीये." मांजरीचं नाव पुट्टी. ती जाईखाली बसून वर घरट्याकडे बघत राही. आईकडे चपलेचा एक जोड खास तिच्यासाठी ठेवलेला होता. एकही चप्पल कधी लागली नाही.

त्या सुमारास ओला कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराचं आणि असोसिएशनचं कशावरून तरी बिनसलं. कचऱ्याची निळी पिंपं भिंतीशी, उंबराखाली, एकाशेजारी एक साठत गेली. वर उंबरं, खाली भात आणि भाज्यांची सालं. उंदरांना याहून काय हवं? आणि उंदरांमागून तो आला. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये कुणाला तरी एका गाडीखालून सरकताना दिसला. लांब, मळकट पिवळा, घाईत असलेला.

साप निघाल्यावर बंगळूरच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर काय होतं ते मी सांगायला नको. माझा नवरा माधव त्या वर्षी असोसिएशनचा सेक्रेटरी होता. माधव मूळचा पुण्याचा. ऑफिसनं लावलेल्या कन्नडच्या शिकवणीला नेमानं जाणारा आमच्या मजल्यावरचा तो एकटाच, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान. तो भिंतीशी गेला आणि अक्काला विचारलं, कुठला साप असेल? अक्का धार काढत होती. मान न वळवता म्हणाली, "केरे हावु ते. सोडा त्याला."

हावु म्हणजे साप. केरे म्हणजे तळं. माधवनं दोन्ही शब्द शिकवणीत केलेले होते. वर येऊन त्याने ग्रुपवर लिहून टाकलं की हा तळ्यातला साप आहे, तळं उपसताहेत म्हणून बेघर होऊन इकडे येतोय. सगळ्यांना एकदम पटलं. मलाही पटलं. इतकं व्यवस्थित कारण क्वचित मिळतं. लगेच तळ्याकडच्या गटाराला बारीक जाळी बसवली, भिंतीतली भगदाडं बुजवली. पिंपं तिथेच राहिली.

जेवताना माधव हे सगळं सांगत होता. आईचं ताट तिच्या खोलीत, दार उघडं. तिथूनच ती म्हणाली, "बरोबर आहे. केरातलाच आहे तो. मग केर उचला की."

"आई, केर नाही, केरे," माधव प्रेमानं म्हणाला. "कन्नडमध्ये केरे म्हणजे तळं."

"असेल बाबा. मला काय कळतंय तुमचं कन्नड." जरा वेळ भाताचा घास चावल्याचा आवाज. "पण उंदीर काही तळ्यात राहत नाहीत."

आम्ही दोघं हसलो. पुढे कित्येक दिवस आमच्यात तो विनोद चालला. केर काढायला आलेल्या बाईला माधव म्हणे, "जपून हं, केरे हावु निघेल." आईही हसायची. तिला चूक मान्य होती, फक्त मत बदलायचं नव्हतं.

जाळी बसवूनही साप दिसतच राहिला. तो तळ्यातून येतच नव्हता, तर थांबणार कसा? शेवटी साप पकडणाऱ्याला बोलावलं. आकडा आणि कापडी पिशवी घेऊन एक शांत माणूस आला. त्याने पिंपांमागून साप अलगद उचलला, पिशवीत सोडला आणि म्हणाला, "केरे हावु सार. विषा इल्ला." विष नाही. माधव मला म्हणाला, "बघ, हाही तळ्यातलाच म्हणतोय." विषारी नसला तरी मुलं खेळतात, नको, असं सगळ्यांचं मत पडलं. पिशवी स्कूटरला अडकवून तो माणूस लांब कुठेतरी निघून गेला. त्याने सापाला कुठे सोडलं, आम्ही विचारलंही नाही.

खिडकीतून आईनं हे सगळं पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली की आता सातभाई ओरडायचे थांबतील. तिच्या लक्षात आलं होतं, मांजर आली की खार ओरडते आणि साप निघाला की सातभाई पक्षी गोळा होऊन कालवा करतात. दोघांचा आरडाओरडा ऐकून बुलबुल सावध होतात. कुणी कुणासाठी करत नाही, पण सगळ्यांच्या उपयोगी पडतं. पोस्टातही असंच असायचं, ती म्हणाली. एकाची तार आली की सगळा चौक जागा व्हायचा.

उंदरांसाठी मात्र कुणी ओरडत नाही. ती जात मुकाट येते. सापाची वर्दळ गेली तसे ते पिंपांवरून भिंतीवर, भिंतीवरून उंबरावर आणि एसीच्या पाइपवरून आमच्या मजल्यापर्यंत चढू लागले. भरदिवसा. एका दुपारी माझी मीटिंग चालू असताना आई ओरडली. इतक्या मोठ्यानं ती पडली तेव्हाही ओरडली नसेल. मी धावले. जाईचा वेल हलत होता, दोन्ही बुलबुल जाळीवर डोकं आपटत किंचाळत होते आणि घरटं एका बाजूला कलंडलं होतं. रिकामं. डोळे नुकते उघडलेली पिल्लं होती ती. आईचा हात जाळीतून बाहेर अर्धवट गेलेला, कोपरापाशी अडकलेला. मी तो हळूच सोडवून आत घेतला. हेडफोनमध्ये कुणीतरी माझं नाव घेऊन विचारत होतं, आर यू देअर?

दुसऱ्या दिवशी फिजिओवाली आली तेव्हा आई म्हणाली, "तिला सांग, उद्यापासून येऊ नको."

त्या दिवसांबद्दल लिहायला मला अजून जड जातं. आईनं पलंग पुन्हा भिंतीकडे घ्यायला लावला. तिकडे तांबट चालूच. मला त्याचा राग येऊ लागला. असोसिएशननं विषाच्या वड्या आणल्या, बेसमेंटभर ठेवल्या. उंदीर सुस्त होऊन उघड्यावर हिंडू लागले, कडेकडेनं, भान नसल्यासारखे. आणि असे आयते उंदीर कुणाला नको असतात? पुट्टीनं खाल्ले. अक्काच्या गोठ्यात गवताच्या पेंढीवर ती मेलेली सापडली. अक्का भिंतीपाशी आली नाही, ओरडली नाही, तक्रार केली नाही. फक्त "अम्मा, जेवण झालं?" हे तेवढं बंद झालं.

आईला मीच सांगितलं. लपवून काय करणार, ती विचारणारच. जिच्यावर रोज चप्पल उगारली त्या मांजरीसाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मला नीट लुगडं नेसव. समाचाराला जायला पाहिजे."

"आई, मांजर होती ती."

"घरातलीच होती ना? अक्काचं दुसरं कोण आहे तिथं?"

"मी जाऊन येते. नाहीतर फोन लावून देते तुला."

"समाचार फोनवर घेत नसतात," आई म्हणाली, "आणि माणूस पाठवूनही नाही. आपण जायचं असतं."

वॉकर कोपऱ्यात धूळ खात होता, तो मी फडक्यानं पुसला. ती उठली. कशी उठली ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिच्या मागे दोन्ही हात पसरून उभी होते, ती पडलीच तर झेलायला, आणि रडूही येत होतं. लिफ्ट, मग गेटपर्यंतचा तो उतार, मग रस्त्याचा कोपरा. टँकर हॉर्न देत जात होते. आई वॉकर पुढे टेकवायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुढे व्हायची. अक्काच्या अंगणात पोचल्यावर खुर्चीत टेकली आणि अक्काचा हात हातात घेऊन तशीच बसून राहिली. आमच्याकडे दुखवट्याला असंच बसतात. बोलायची घाई कुणाला नसते.

शेवटी अक्काच बोलली. "केरे हावु होता तोवर इली कमी होती, अम्मा. तो गेला, इली वाढली. तुमच्याकडून विष आलं, आणि माझी पुट्टी गेली." इली म्हणजे उंदीर. दगडांच्या ढिगातून तिने एक लांब, कोरडी कात काढून आईच्या मांडीवर ठेवली. आईनं ती बोटांनी उलगडली, खवले निरखले आणि म्हणाली, "अगं, ही तर धामण. आमच्याकडं शेतात असते. उंदीर खाते म्हणून कुणी मारत नाही तिला."

"धामण?" अक्कानं तो शब्द तोंडात घोळवून बघितला. तिच्या मराठीत तो नव्हता. इतक्या पिढ्यांच्या प्रवासात कुठेतरी गळून गेला असेल, किंवा कधी आलाच नसेल. "आमी केरे हावुच म्हणतो. तळ्यात नसतोय तरी बी."

आई माझ्याकडे बघून इतकंही म्हणाली नाही की बघ, मी सांगत होते. तिला त्याचं काही नव्हतं. परतताना फक्त म्हणाली, "धामणीनंही खाल्ली असती गं पिल्लं. ती काय सोडणार होती? पण ती एकटी होती, आणि एकदा पोट भरलं की आठवडाभर पडून राहायची. उंदीर कधी पडून राहत नाही." यापेक्षा जास्त शहाणपण मला नंतर कुठल्या लेखात सापडलं नाही. मी बरेच वाचले. निसर्ग दयाळू आहे असंही मला वाटत नाही, त्याचा समतोल वगैरे शब्द तर हल्ली ऐकवत नाहीत. एकमेकांना खाणाऱ्यांचीच ती वसाहत. फक्त त्यांच्यातलं कोण कुणाला किती खातं हे ठरलेलं असतं, आणि मधलाच एक उचलून स्कूटरवरून पाठवून दिला की बाकीच्यांना ते नव्यानं ठरवावं लागतं. तोवर जो मरतो तो मरतो.

त्या दिवसानंतर आई रोज अक्काकडे जाऊ लागली. आधी वॉकर, मग काठी. दसऱ्याला ती कऱ्हाडला परत गेली, स्वतःच्या पायांनी गाडीत चढून. मी सुटले असं मला वाटायला हवं होतं. पण ती गेल्यावर मी तिच्याच खिडकीशी माझं टेबल आणलं आणि तिथेच बसून राहिले. सगळं घरपोच मिळतं. ऑफिस घरातच. बाहेर पडायला कारण लागतं, आणि कारण शोधायचाही शीण येतो.

यंदा पुन्हा उंबर लगडला, पुन्हा ठेकेदाराशी काहीतरी झालं, पुन्हा पिंपं भिंतीशी साठली. पुन्हा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की बेसमेंटमध्ये साप दिसला. माधव आता सेक्रेटरी नाही. संध्याकाळी चहा पिता पिता त्याने फोन हातात घेतला आणि काहीतरी लिहिलं. मी माझ्या फोनवर वाचलं, त्याने इंग्रजीत लिहिलं होतं, पण अर्थ सरळ होता: केरे हावु म्हणजे केरातला साप. केर उचला, साप राहू द्या. लगेच वरच्या मजल्यावरच्या एका कन्नड गृहस्थांनी त्याला सभ्यपणे दुरुस्त केलं की केरे म्हणजे कचरा नव्हे, तळं. माधवनं उत्तर दिलं, "गोत्तु." ठाऊक आहे. मग फोन उलटा ठेवून त्याने चहा संपवला. मी त्याच्याकडे बघत होते, त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

या वेळी पिंपं हलली. भांडून, खूप मेसेज होऊन, पण हलली. जाईत बुलबुलांनी पुन्हा घरटं केलं होतं. उंदीर तर येत नाही ना, म्हणून मी दिवसभर कामाच्या आडून तिकडे बघत राहायचे. आज सकाळी पिल्लं उडाली. धडपडत उंबरापर्यंत गेली, तिथे पानांत गडप झाली.

मी आईला फोन लावला.

"आई, पिल्लं उडाली."

"सगळी?"

"सगळी."

"आणि धामण?"

"दिसली नाही. पण सातभाई मधूनमधून कालवा करतात."

"मग आहे," आई समाधानानं म्हणाली. पलीकडून तिची काठी टेकल्याचा आवाज आला, ती चालता चालता बोलत होती. "मग पड आता बाहेर."

"कोण?"

"तू. कोण म्हणून काय विचारतेस? मी तर केव्हाच पडले. अक्काकडे जा, तिला सांग."

मी म्हटलं, आता मीटिंग आहे. ती म्हणाली, असू दे की. आणि फोन ठेवला.

तांबट टुक टुक करत होता. मी लॅपटॉप मिटला. चपला कुठे ठेवल्यात ते आठवायला मात्र थोडा वेळ लागला.